आबांची बिडी आणि माझी

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. कविता मला जमत नाही, कथा सुचत नाही. "मग स्वतःचं लिही," सर म्हणाले. स्वतःचं म्हणजे काय लिहायचं? आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. वडील गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालतात, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. यात छापण्यासारखं काय आहे, असं वाटत होतं. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली. ती सांगताना माझीच लाज निघणार आहे, तरीही सांगतो.

आमचं घर वडगावच्या बाहेर, मळ्यात. दिवाळी सरली की गुऱ्हाळ सुरू होतं आणि मग उन्हाळ्यापर्यंत आबा घरी फक्त झोपायला येतात. कोल्हापूरच्या गुळाचं नाव सगळीकडे आहे; पण तो गूळ खाणाऱ्यानं चुलवाण क्वचितच पाहिलेलं असतं. वर काईल असते, तिच्याजवळ गुळव्या उभा. खाली खड्ड्यात, तोंडाशी जाळ घेऊन बसलेला एक माणूस वाळलेली चिपाडं आत सारत असतो. जाळ पडला तर रस आटत नाही, भडकला तर गूळ काळा पडतो. वरून गुळव्या हाक मारतो आणि खालून आबा जाळ कमी-जास्त करतात. गुळाला भाव आला तर नाव गुळव्याचं होतं. खड्ड्यातल्या माणसाला कुणी विचारत नाही. हल्ली ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. पण आबांना दुसरं काम येत नाही.

अशा माणसाच्या ओठांत बिडी असणं हे मला इतकं सवयीचं होतं, की आबांचा चेहरा आठवला की बिडीसकटच आठवायचा. दिवसाला दीड बंडल. शेजारी जाळ असल्यावर काडीपेटीचाही खर्च नाही.

घरी असले की ते मला हाक मारायचे, "बाळ, एवढी पेटवून आण." अंघोळीच्या पाण्यासाठी आमच्याकडे अजून चूल पेटते. बिडीची एक खोड आहे. ओढत राहिलं नाही तर ती विझते. चुलीपासून सोप्यापर्यंत ती जिवंत न्यायची तर मध्ये एक झुरका मारावाच लागतो. मी तेव्हा ९ वर्षांचा असेन. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला आणि आज्जी पोट धरून हसली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पाण्याचा तांब्या आणून द्यावा तसंच ते एक काम होतं.

अकरावीत मी स्टँडवरच्या कट्ट्यावर सिगारेट ओढायला लागलो. सोमवारी बाजाराचा दिवस, गर्दी असायची, कुणी ओळखायचं नाही. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत, असा २००३ चा कायदा आहे. आमची टपरी बहुतेक एकशे एकाव्या यार्डावर असावी! वडापावला म्हणून घरातून मिळालेल्या पैशांत एक सुटी सिगारेट यायची, ती तिघांत फिरायची. आबा बिडी ओढतात, आपण सिगारेट ओढतो, म्हणजे आपण एक पायरी वर चढलो, असंही मला तेव्हा वाटत असे. शिक्षणाचा असाही उपयोग होतो.

गेल्या वर्षी जानेवारीत, मी एफ.वाय.ला असताना, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर जवळच्याच एका गावात होतं. माझा आवाज मोठा, म्हणून 'व्यसनमुक्ती' हा विषय माझ्या वाट्याला आला. मी ग्रंथालयात बसून तयारी केली. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, हे मी वाचलं. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ सालीच तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांवर शोधनिबंध लिहिला होता, हेही वाचलं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते आणि सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त होते. हे सगळं मी शाळेच्या पटांगणात माईकवर घडाघडा म्हटलं. टाळ्या पडल्या.

त्या गर्दीत आबा होते, हे मला ठाऊक नव्हतं. पोरगं माईकवर बोलणार म्हणून कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. दोन तासांची सुटी मागून, धुतलेला शर्ट आणि टोपी घालून ते चालत आले होते आणि मागं झाडाखाली उभे राहिले होते.

भाषण संपल्यावर माझे हात थरथरत होते. मी शाळेच्या मागच्या भिंतीआड गेलो, खिशातली सिगारेट काढली आणि काडी ओढली. तेवढ्यात भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यावरून आबा आले. त्यांच्याही हातात बिडी होती, न पेटवलेली. माझं भाषण ऐकून ती लोकांसमोर पेटवायची त्यांना लाज वाटली होती, म्हणून ते आडोसा शोधत आले होते.

काडी जळत माझ्या बोटापर्यंत आली. आबांनी बिडी कानावर ठेवली आणि म्हणाले, "भाषाण झ्याक केलंस."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

शिबिरातून त्या रात्री मी सरांची परवानगी घेऊन घरी आलो. पांदीनं चालताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "कवापासनं?"

"अकरावीपासनं," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, पुढं बोलून गेलो, "पहिला झुरका तुमच्याच बिडीचा. चुलीवर पेटवून आणायला सांगत होता तवा."

हे बोलायला नको होतं. आबा थांबले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त श्वास ऐकू येत होता. त्या श्वासात एक शिट्टी आहे, हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. एवढी वर्षं ती असणारच. मी आकडे पाठ करत होतो आणि घरातली शिट्टी मला ऐकू आली नव्हती.

घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "तू सोडणार असशील तर मी बी सोडतो. पर आदी आमुशा हून जाऊ दे."

मला हसू आलं. पण नंतर पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या फुकट क्रमांकावर मी चोरून फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनीही हेच सांगितलं, आधी एक तारीख ठरवा. आबांची तारीख अमावस्येची दुसरी सकाळ होती, एवढाच फरक.

आईनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली. तिचा विश्वास बसला नाही. आज्जीनं मात्र बोटावरची मिश्री दाताला लावत जाहीर केलं, "माझं नाव त्यात घालू नगा." आज्जीचं माहेर निपाणीकडचं. लग्नाआधी ती तिथं तंबाखूच्या वखारीत काम करायची. तंबाखू चाळायची, पाखडायची. धुरळा नाका-तोंडात जायचा, जेवताना भाकरी कडू लागायची, असं ती सांगते. तिची धाकटी बहीण पुढंही त्याच कामावर राहिली. निपाणीच्या त्या कामगार बायकांनी १९८० साली संप केला होता. पुढच्याच वर्षी तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर बसले आणि ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या गोळीबारात १२ जण गेले. माझ्या भाषणात यातलं काहीच नव्हतं. "तंबाखूनं माझ्या बाची चूल पेटवली," आज्जी म्हणते. तिला काय उत्तर द्यावं, मला अजून सुचलेलं नाही.

अमावस्या गेली. पहिले तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. मी पुस्तकात वाचलं होतं, की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांनी ओढ कमी होत जाते. पण पुस्तकातले तीन दिवस वेगळे आणि चुलवाणापुढचे तीन दिवस वेगळे. समोर जाळ, आजूबाजूच्या गड्यांच्या ओठांत बिड्या, आणि हात मोकळे. "तोंडाचं न्हाई एवढं," आबा म्हणायचे, "हाताचं काय करावं ह्येच कळंना." आईवर चहा गार झाला म्हणून ओरडले. चहा गार नव्हता. चहानंतर हात खिशाकडे जातो, तो कुठं न्यावा हा प्रश्न होता. मी तर दोन रात्री झोपलो नाही आणि तिसऱ्या दिवशी वर्गात झोपलो.

आबांनीच त्यावर तोड काढली. त्यांचा साधा बटणांचा फोन आहे. ओढ आली की ज्याला येईल त्यानं दुसऱ्याला एक मिस्ड कॉल द्यायचा. दुसऱ्यानं उलट एक द्यायचा. बोलायचं नाही, पैसे जात नाहीत. एक रिंग म्हणजे 'आली', उलट रिंग म्हणजे 'मी हाय'. ती लाट पाच-सात मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी आहे एवढं कळलं तरी पुरतं. इतिहासाच्या तासाला माझ्या खिशात फोन गुरगुरायचा, त्याबद्दल सरांची इथेच माफी मागतो. गुऱ्हाळातून आबा मला गुळाचा खडा कागदात बांधून देत. सिगारेटच्या जागी खिशात तो असायचा. उन्हानं पाघळून माझ्या दोन पँटींचे खिसे कायमचे चिकट झाले आहेत.

आठवडाभरात आबांचा खोकला वाढला. "बिडी वडत हुतो तवा एवढा न्हवता," ते कुरकुरले. मी परत पुस्तक उघडलं. फुप्फुसं साचलेलं बाहेर टाकायला लागतात तेव्हा सुरुवातीला खोकला वाढू शकतो, असं होतं. ते वाचून दाखवलं. मोठ्यानं, पण या वेळी माईक नव्हता आणि ऐकणारा एकच होता. आबांनी आधी माझ्याकडे आणि मग पुस्तकाकडे संशयानं पाहिलं.

आबा गोठ्याच्या भिंतीवर रोज कोळशानं एक रेघ ओढायचे. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी ते आले आणि रेघ न ओढताच बसले. त्या दिवशी एक आधण बिघडलं होतं, गूळ धरला नव्हता, आणि दोष नेहमीसारखा खड्ड्यातल्या माणसावर आला होता. "दोन वडल्या," ते म्हणाले. एवढंच. फोन का केला नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुझी परीक्षा हाय न्हवं उद्या."

आणि मी? अकराव्या दिवशीच कट्ट्यावर मित्रांच्या आग्रहाखातर एक अख्खी ओढली होती. घरी येऊन गुळाचा खडा तोंडात टाकला होता आणि भिंतीवर आबा रेघ ओढत असताना शेजारी उभा राहून हसलो होतो. एक सांगायला आला, दुसऱ्यानं आठ दिवस लपवलं. चौथी शिकलेला कोण आणि कॉलेजात जाणारा कोण?

त्या रात्री मी सांगून टाकलं. आबा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग ओल्या फडक्यानं त्यांनी सगळ्या रेघा पुसल्या. "आता एकपासनं," म्हणाले. "दोगांचं बी."

पुढं ग्रंथालयात मला डॉ. अनिल अवचटांचं पुस्तक मिळालं. त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथं व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढं इतरांचा हात धरतात. मला ते नवीन वाटलं नाही. शिबिरात मी उंचावर उभा होतो आणि आबा झाडाखाली. तेव्हा माझं ऐकून त्यांनी फक्त आडोसा शोधला. भिंतीमागं आम्ही दोघेही चोर निघालो, तिथून खरी सुरुवात झाली.

एकपासनं अजून दोनदा करावं लागलं. एकदा यात्रेत मी घसरलो, एकदा पावसाळ्यात काम नव्हतं तेव्हा आबा. दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी भिंत पुसली गेली. दसऱ्यापासून मात्र पुसलेली नाही. परवा मी मोजल्या, १२७ झाल्या. शिट्टी पूर्ण गेलेली नाही. डॉक्टर म्हणाले, थोडी राहील. आज्जीची मिश्री चालू आहे, पण हल्ली ती लावायला परड्यात जाते.

काल जेवणाचा डबा घेऊन गुऱ्हाळावर गेलो होतो. आबा खड्ड्यात होते. वरून एक गडी वाकून म्हणाला, "तात्या, जरा इस्तू द्या." त्याच्या ओठांत बिडी होती. आबांनी एक पेटतं चिपाड बाहेर ओढलं, हात लांब करून त्याच्या बिडीला लावलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. ती नीट पेटेपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला होता. मग चिपाड आत टाकलं, वर पाहिलं, तर मी डबा घेऊन उभा.

"बगू नगंस," ते म्हणाले. "नुसती पेटवून दिली."

मी खिशातला खडा काढला, अर्धा मोडून त्यांना दिला आणि खड्ड्याच्या काठावर बसून डबा उघडला.