नऊ माणसांची कॉफी

चहा हा आपल्या घरांत कुळाचारासारखा आहे. तो चुकत नाहीं व त्याचें कोणी कौतुकही करीत नाहीं. कॉफीचें तसें नाहीं. ती आपल्याकडे पाहुणी म्हणून आली आणि बराच काळ पाहुणीच राहिली. मुलगी पाहावयास मंडळी आली कीं कॉफी, भजन उशिरापर्यंत चाललें कीं कॉफी. तीही ठराविक पद्धतीची : दुधांत पूड व साखर घालून खळखळ उकळलेली, वर जायफळ किसलेलें. कोंकणच्या माणसाला जायफळ परकें नाहीं. १९७२ सालीं स्थापन झालेल्या आमच्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण सुगंधा’ व ‘कोंकण स्वाद’ अशा जायफळाच्या जातीही काढल्या आहेत.

आमचें घर नऊ माणसांचें, आणि सध्यां त्यांत कॉफीचे तीन संप्रदाय नांदतात. आमचें कुटुंब जायफळाच्या दुधाळ कॉफीचें अभिमानी. सून धारवाडची, तिनें माहेराहून पितळेचा दुमजली फिल्टर आणला. पुण्याच्या पुतण्यानें एस्प्रेसोचें हातानें दाबावयाचें यंत्र आणून ठेवलें आहे. प्रत्येकाचें म्हणणें एकच, कीं खरी कॉफी ती माझी.

मी आयुष्यभर संस्कृत शिकविलें, म्हणून रसाचा विचारही मी प्रथम शब्दाकडून करतों. आपण ज्याला कडू म्हणतों त्याला आयुर्वेद तिक्त म्हणतो. शास्त्रांतला कटु रस म्हणजे मिऱ्याचा तिखटपणा. मराठींत येतांना कटु शब्दानें आपला अर्थ बदलला. कॉफीविषयींही आपला असाच गैरसमज झालेला आहे : कडू ती कॉफी असें आपण धरून चालतों. वस्तुतः तिच्यांत आम्ल, मधुर, तिक्त व कषाय असे चार रस आहेत, आणि ते पाण्यांत एकदम उतरत नाहींत. आधीं आम्ल, मागून मधुर, आणि शेवटीं तिक्त व कषाय. पाण्याचा व पुडीचा सहवास थोडा झाला तर कॉफी आंबट लागते. उकळत ठेवली तर कडूजहर होते. योग्य वेळीं थांबणें हीच तिची अर्धी कला.

उरलेली अर्धी ताजेपणाची. भाजलेल्या दाण्यांत सुवास व कर्बवायु कोंडलेले असतात. सोडावॉटरांत असतो तोच हा वायु. दाणे दळले कीं दोन्ही उडूं लागतात. शिवाय आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. आषाढांत पापड मऊ पडतात, तेथें कॉफीची पूड काय टिकणार? म्हणून आम्ही पूड आणीत नाहीं. पाव किलो दाणे आणून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवतों व लागतील तेवढेच हातचक्कीवर दळतों.

गंमत अशी कीं, याच पावसाळी वाऱ्यानें एका कॉफीला कीर्ति मिळवून दिली आहे. शिडाच्या जहाजांच्या काळीं मलबार किनाऱ्यावरून युरोपास जाणारी कॉफी आफ्रिकेला वळसा घालीत महिनेच्या महिने समुद्रावर असे. दमट हवेनें कच्चे दाणे फुगत, फिकट पडत, आणि त्यांचा आंबटपणा जाई. पुढें आगबोटी आल्या, १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला, प्रवास लहान झाला. तेव्हां तिकडच्या लोकांना जुनी चव सांपडेना. म्हणून किनाऱ्यावरच उघड्या वखारींत कच्चे दाणे जून ते सप्टेंबर वाऱ्यावर पसरून ठेवण्याची रीत पडली. ‘मॉन्सून्ड मलबार’ या नांवानें ती कॉफी आज प्रसिद्ध आहे, व एस्प्रेसोच्या मिश्रणांत तिला मान आहे. कच्च्या दाण्याला जो वारा मानवतो, तोच भाजलेल्या दाण्याचा घात करतो.

एस्प्रेसो हा शब्द आपल्याला लग्नाच्या कार्यालयांतून ठाऊक असतो. तेथील फुसफुसणारें यंत्र वाफेनें दूध तेवढें फेंसाळतें. पेल्यांत असते ती झटपट विरघळणारी पूड, व वर चॉकलेटची भुकटी. इटलींतली एस्प्रेसो निराळी. १९०१ सालीं मिलानच्या लुईजी बेझ्झेरानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां दाब वाफेचाच होता. १९४७-४८ च्या सुमारास आकिल्ले गाज्जिया यानें दांडा व दट्ट्या यांच्या जोरावर तो पुष्कळ वाढविला, आणि पेल्यावर सोनेरी फेंसाची साय येऊं लागली. आज साधारणपणें १८ ग्रॅम बारीक पूड, ९० ते ९५ अंश उष्णतेचें पाणी, नऊ वातावरणांचा दाब, २५ ते ३० सेकंद वेळ व सुमारें ३६ ग्रॅम अर्क, असें प्रमाण मानतात. पुतण्या तराजू व घड्याळ घेऊन बसतो तें उगीच नव्हे. साधला तर तो अर्क काकवीसारखा दाट असतो, आणि आम्ल, मधुर व तिक्त हे तिन्ही रस एकाच घोटांत ओळखूं येतात.

पण या पेयाचें ऐन तारुण्य दोन मिनिटांचें, आणि यंत्रांतून एका वेळीं एकदोन पेलेच निघतात. दिवाळींत नवव्या माणसाच्या हातीं पेला आला तेव्हां पहिला माणूस बाजारांतून परत आला होता. आणि यंत्राशीं उभ्या असलेल्याचा पेला अर्थात् सर्वांच्या मागून.

हा ‘मागून’ शब्द आपल्या घरांना नवा नाहीं. माझ्या मातोश्रींना ऊन कॉफी पितांना मीं कधीं पाहिलें नाहीं. आधीं पाहुणे, मग पुरुष मंडळी, मग मुलें. पातेल्याच्या तळाशीं उरेल ती गार कॉफी त्या स्वयंपाकघरांत उभ्यानेंच पीत. वहिनींनीं व आमच्या कुटुंबानेंही तोच क्रम चालविला होता. सून आल्यावर थोड्याच दिवसांत तिनें मला विचारलें, “मामंजी, करणारीनें गार प्यावी असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे?” मीं पोथ्या काढल्या नाहींत. असें वचन कोठें माझ्या वाचनांत आलेलें नव्हतें, आणि आलें असतें तरी तें मीं तिला सांगितलें नसतें.

या प्रश्नाचें उत्तर तिच्या फिल्टरांतच होतें. नऊ जणांस ६० ग्रॅम जाडसर पूड वरच्या मजल्यांत हलक्या हातानें बसवावी. आधण उतरवून, त्याची उकळी मोडली कीं, ४०० मिलिलिटर पाणी बेताबेतानें ओतावें व झांकण घालून वीस मिनिटें वाट पाहावी. पाणी भराभर खालीं आलें तर पूड फार जाड; अडून बसलें तर फार बारीक. खालीं पावणेतीनशें मिलिलिटरांच्या आसपास अर्क मिळतो. त्याच्या तिप्पट दूध एकदांच तापवावें व सर्व पेले एकदम भरावे. पूड विकत आणणारांनीं तींत चिकोरी किती हें वेष्टनावर पाहून घ्यावें. त्या मुळाच्या भाजलेल्या पुडीनें रंग व दाटपणा येतो, पण कॉफीची तरतरी तिच्यांत नसते.

कॉफी आपण होऊन उतरते, म्हणून करणाऱ्याला चुलीशीं जखडून राहावें लागत नाहीं. आमच्याकडे आतां पाळ्या लावल्या आहेत; मंगळवार व शुक्रवार माझे. नियम एकच : करणारा माणूस पडवींत येऊन बसल्याशिवाय कोणी पेला उचलावयाचा नाहीं. पहिले कांहीं दिवस वहिनींना बसवावें लागे. आतां त्या आपल्या पेल्याची साय आधीं पाहतात.

यंत्र अडगळींत गेलें नाहीं. दुपारीं घर निजलें असतां पुतण्या आणि मी दोघांपुरते दोन पेले काढतों. ती दोघांचीच कॉफी आहे. जायफळही गेलें नाहीं. रात्रीच्या दुधाळ कॉफींत तें हवेंच. मात्र चिमूटभर, कारण अधिक झालें तर तें गुंगी आणतें, आणि शिळ्या पुडीचा दोष झांकण्याचें काम त्याच्याकडे सोंपवूं नये.

गृहिणींनीं व गृहस्थांनींही कोणती रीत उचलावी हें ज्याच्या त्याच्या घरावर आहे. कॉफी चांगली झाली कीं नाहीं हें मात्र ज्यानें केली त्यालाच विचारावें. तो ऊन प्याला असेल तरच त्याला तें सांगतां येईल.