पडीक लहरी

स्पेक्ट्रमबद्दलचं माझं मत बदललं तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो. त्या वयात चष्म्याचा नंबर बदलतो, मत सहसा बदलत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी जळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. 2010 च्या नोव्हेंबरात कॅगचा टूजीवरचा अहवाल आला आणि 1 लाख 76 हजार कोटींच्या अंदाजित तोट्याचा आकडा घरोघरी पोचला. त्या हिवाळ्यात जळगाव-धुळ्यात मी या विषयावर सात-आठ व्याख्यानं ठोकली. फळ्यावर आकडा मांडायचा, पोरांना शून्यं मोजायला लावायची, टाळ्या घ्यायच्या. 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वाटलेले टूजीचे 122 परवाने रद्द केले, तेव्हा स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले. माझं सूत्र सोपं होतं: लहरी जनतेच्या मालकीच्या, म्हणून जितका जास्त भाव तितकं धोरण चांगलं. यातला पहिला भाग न्या. पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्याच 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात लिहिलेला. दुसरा मी पदरचा जोडला होता, आणि तो जोडलेला आहे हे विसरूनही गेलो होतो.

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी घर असलेला एक विद्यार्थी एकदा व्याख्यानानंतर थांबला. म्हणाला, "सर, भाव चांगला आला की आमच्या पाड्यावर रेंज येईल का?" मी म्हणालो, "तो वेगळा विषय आहे." पोरगं मान हलवून निघून गेलं.

2019 मध्ये स्पेक्ट्रमचं धोरण आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका प्रशिक्षणवर्गाला बसलो. खरं तर शिकायला नव्हे, आपलं बरोबर आहे हे ऐकायला गेलो होतो. पहिल्याच तासाला प्रशिक्षकांनी विचारलं, "तुमचं आकाशवाणी केंद्र कितीवर लागतं?" मी म्हणालो, "963 किलोहर्ट्झ." "नवाने भागा." 107, बाकी शून्य. मुंबईचे 558 भागले, पुण्याचे 792 भागले, सगळ्यांना नवाने भाग जात होता. कारण मध्यम लहरी सूर्य मावळला की शेकडो मैल जातात आणि दुसऱ्या देशाच्या केंद्रात घुसतात. म्हणून 1975 साली जिनिव्हाला देशांनी बसून नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने कप्पे पाडले आणि वाटून घेतले. पोरवयापासून मी ज्या आकड्यावर काटा आणत होतो, तो आकडा कोणी विकतही घेतला नव्हता. तो वाटणीत आला होता. दोन मोबाइल पट्ट्यांच्या मध्येही थोडी जागा रिकामी ठेवतात, शेताच्या बांधासारखी. बांध कोरला की काय होतं, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी 700 मेगाहर्ट्झचा पट्टा आला. वारंवारता कमी असेल तर लहर लांब जाते, भिंतीतून बरी शिरते, आणि तेवढ्याच मुलखाला टॉवर कमी लागतात. विरळ वस्तीच्या डोंगराळ भागाला याहून सोयीचं काय? पण ऑक्टोबर 2016 च्या लिलावात याची राखीव किंमत देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये होती, आणि एकही बोली लागली नाही. "याचं उत्पन्न किती?" प्रशिक्षकांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, "आज शून्य. पण भाव पाडला नाही, पुढे मिळेल."

"आणि मधल्या वर्षांचं?"

मी गप्प बसलो. कोळसा आज काढला नाही तर उद्या खाणीतच असतो. लहरी वापरून झिजत नाहीत, तशा साठवूनही ठेवता येत नाहीत. आजचा दिवस रिकामा गेला, तो गेलाच.

परतताना माझे आजोबा आठवले. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमचं वावर होतं, फडाच्या पाण्यावर. ही फड पद्धत कैक पिढ्यांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. टंचाईच्या साली कुठला फड भिजवायचा, कुठला कोरडा ठेवायचा, हे गाव आधीच बसून ठरवी. आजोबा संध्याकाळी पाटकऱ्याला एकच विचारायचे, "पानी शेवटना वावरले पोचनं का?" पाणपट्टी किती जमली, हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. पाणपट्टी ते भरत होते. पण हिशोब त्यांच्या लेखी शेवटच्या वावरापाशी पुरा होई.

2021 च्या मार्चमध्येही 700 चा पट्टा कोणी घेतला नाही. 2022 मध्ये किंमत उतरवली, तेव्हा जिओने देशभरासाठी 10 मेगाहर्ट्झ 39,270 कोटींना घेतले. म्हणजे मेगाहर्ट्झला 3,927 कोटी, 2016 च्या भावाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. जुना मी असतो तर "लूट!" म्हणून फळ्याकडे धावलो असतो. या वेळी मला मधली सहा वर्षं दिसली.

गैरसमज नको. बंद दाराआड वाटप करण्यापेक्षा लिलाव केव्हाही बरा, आणि 2008 ला टूजीच्या वाटपात जे झालं ते आजही मला चुकीचंच वाटतं. पण प्रत्येक नैसर्गिक संपत्तीचा लिलावच झाला पाहिजे असं नाही, हे मत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2012 मध्येच दिलं होतं. फेब्रुवारीचा निकाल मी पेढ्यांसह वाचला, सप्टेंबरचं मत उघडूनही पाहिलं नाही. माझी खरी चूक ही.

2023 च्या दूरसंचार कायद्यात, सबळ कारणाशिवाय न वापरलेला स्पेक्ट्रम परत घेण्याची तरतूद आहे. पुढचा लिलाव होईल तेव्हा कोटींचा आकडा मोठ्या टायपात छापून येईल. तो जरूर वाचा. मग वर्षभराने विचारा, पट्टा वापरात आला का, आणि शेवटच्या पाड्यावर फोन लागतो का. त्या विद्यार्थ्याने हेच विचारलं होतं. तो वेगळा विषय नव्हता.