इयादत

गेल हनीमन या स्कॉटिश लेखिकेची 'एलिनॉर ऑलिफंट इज कम्प्लीटली फाइन' ही २०१७ सालची पहिली कादंबरी आम्ही वाचली. एलिनॉर तिशीला टेकलेली, ग्लासगोच्या एका कचेरीत हिशेब लिहिणारी. शुक्रवारी घरी गेली की सोमवारपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नाही. सोबतीला पिझ्झा आणि व्होडका. चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण. आईने लावलेल्या आगीत धाकटी बहीण गेली. दर बुधवारी फोनवर बोलणारी आईही त्याच आगीत संपली होती, हे शेवटी कळते. तरी कोणी विचारले की उत्तर एकच : मी ठीक आहे.

प्रेमात पडून ती सावरेल असे वाटते. लेखिका तसे करत नाही. रस्त्यात कोसळलेल्या एका म्हाताऱ्याला ती आणि सहकारी रेमंड मदत करतात, मग इस्पितळात भेटायला जातात. तिथून तिचे जग उघडते. यालाच आपण इयादत म्हणतो. आजाऱ्याचा तो आपल्यावरचा हक्क आहे. पुढे ती जीव द्यायला निघते, तेव्हा रेमंडच तिच्या दारात येतो. मग समुपदेशकाचे उपचारही तिला घ्यावेच लागतात.

आपल्याकडे हाड मोडले तर घर माणसांनी भरते. मनाच्या दुखण्याला मात्र 'सब्र कर' एवढेच सांगितले जाते. वर्गात गप्प बसणारी मुलगी गुणी ठरते. हजेरीला ती 'हाजिर' म्हणते आणि आम्ही पुढचे नाव घेतो. तिची खैरियत विचारायची, तर उत्तर येईपर्यंत तिच्या बाकाजवळ थांबावे लागेल.