पाया पडताना



वारीत आपण समोर येईल त्याच्या पाया पडतो. वय पाहत नाही, जात पाहत नाही. तीस वर्षे मीही पडत आलो. पण माझ्याच घरातल्या माउलीचे पाय मी पाहिले नाहीत, ते आज तुम्हाला सांगतो.

आमचे गाव संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. किडनीचे दुखणे इकडे घरोघरी ठाऊक. पण ते शेतात राबणाऱ्या पुरुषांचे, अशी आमची समजूत. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आठवा महिना होता. पाय सुजले, मग तोंड सुजले. आम्ही म्हणालो, अंग भरलं. डोकं दुखतं म्हणाली, तर म्हणालो, उन्हाचं असेल. आणि मी पताका खांद्यावर घेऊन शेगावहून पालखीसोबत निघालो.

परळीच्या मुक्कामी फोन आला. लेकीला झटके आले होते. तातडीने बाळंतपण करून बाळ वाचवले, पण तिची लघवी जवळजवळ बंद झाली होती. मी तिथूनच माघारी फिरलो. डायलिसिसच्या खोलीबाहेर बसून नाम घेत होतो, पण मन ठिकाणावर नव्हते.

डॉक्टरांनी समजावले. पाच महिन्यांनंतर गरोदर बाईचा रक्तदाब वाढला, तर किडनीला इजा होते, लघवीतून प्रथिने जातात. बाळंतपणात फार रक्त गेले किंवा जंतुसंसर्ग झाला, तरी किडनी बंद पडू शकते. बाळंतपणानंतरही सहा आठवडे जपावे लागते. वेळेवर उपचार मिळाले, तर किडनी पुष्कळदा पुन्हा चालू लागते. माझ्या लेकीची लागली. पांडुरंगाची कृपा.

खाऱ्या पाण्याला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. पण रक्तदाब मोजायला कितीसा वेळ लागतो?

माउली, गरोदरपणात पायांची थोडी सूज साधीही असते. पण तोंड-हात सुजले, डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, लघवी कमी झाली किंवा रक्तदाब १४०/९० झाला, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आशाताईला विचारा, सुनेला स्वतः घेऊन जा. जनाईचे दळण दळायला देवाला कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

यंदा निघण्याआधी लेकीचा रक्तदाब आणि लघवी तपासून आणली. तिच्या पायांवर हात ठेवला, तशी ती हसली. म्हणाली, "बाबा, सूज नाही. जा तुम्ही."