थकव्याचा रकाना

प्रवासाला निघायचे ठरले की घरोघरी पहिला हिशेब पैशाचा होतो. तिकीट किती, तेल किती, मुक्कामाला किती. कष्टाचा पैसा जपूनच खर्चायला हवा, हे खरे. पण या हिशेबाच्या कागदावर एक रकाना बहुधा राहून जातो. घरातला जो माणूस गाडी चालवतो, सामान उचलतो आणि दुखणेकऱ्याची औषधे सांभाळतो, त्याच्या थकव्याचा तो रकाना. आम्हां उभयतांना 2024 साली तो भरावा लागला. तो अनुभव वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावा असे वाटले.

आम्ही मूळचे नागपूरचे. कित्येक वर्षांपासून इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहतो. दोघेही निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी मोटरहोम घेतली. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे चालकाची जागा, मागे पलंग, शेगडी, न्हाणी, संडास. आमच्या गाडीची लांबी सात मीटर आहे. या गाडीने आम्ही बरेच हिंडलो. मग जानेवारी 2023 मध्ये आमच्यापैकी एकाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणे सुधारले; पण डावा हात अधू राहिला आणि डाव्या बाजूचे नीट दिसेनासे झाले. अशी नजर झाल्यावर तिकडे वाहन चालवण्याची परवानगी मिळत नाही. तेव्हापासून गाडी चालवते ती आमच्यातली दुसरी, वय वर्षे सहासष्ट.

आमची मुलगी स्पेनमध्ये बुर्गोस येथे नोकरी करते. 2024 च्या सप्टेंबरअखेर तिचे बाळंतपण होते. ती फोनवर म्हणायची, "आई, बाबा, तुम्ही विमानानेच या ना." पण तिचे घर दोन लहान खोल्यांचे. त्यात बाळ येणार, रात्रीचे जागरण होणार. दुखणेकऱ्याला स्वतःचा पलंग आणि आधाराच्या दांड्या बसवलेली न्हाणी हवी. ते सर्व आमच्या गाडीत होते. दोन महिने राहायचे तर गाडी नेणेच सोयीचे होते. प्रश्न उरला तो वाटेचा.

वाटा तीन होत्या. पहिली डोव्हर ते कॅले. समुद्र दीड तासाचा, पण पुढे सगळा फ्रान्स ओलांडून बुर्गोसपर्यंत सुमारे 1,300 किलोमीटर. दुसरी मधली. पोर्ट्समथहून रात्रीच्या बोटीने फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर काँ शहराच्या बंदरात उतरायचे आणि पुढे सुमारे 1,000 किलोमीटर गाडी हाकायची. तिसरी पोर्ट्समथहून थेट स्पेनच्या सांतान्देर बंदरापर्यंत. समुद्रावर तीस-बत्तीस तास, आणि उतरल्यावर बुर्गोस दोन-अडीच तासांवर. इंग्लंड आणि सांतान्देर यांच्यामध्ये गाड्या नेणारी बोट 1978 पासून आहे. त्या वर्षी ती प्लिमथहून सुरू झाली.

कोकणात दाभोळ-धोपावे ज्यांनी गाडीसकट ओलांडले असेल, किंवा मार्च 2020 मध्ये सुरू झालेल्या भाऊचा धक्का ते मांडवा या बोटीने जे गेले असतील, त्यांना ही कल्पना नवी नाही. गाडी बोटीच्या पोटात चढवायची आणि आपण वर जाऊन बसायचे. फरक एवढाच की तिथे घटका-तासाचे काम, इथे दोन रात्री.

पैशाच्या हिशेबात तिसरी वाट मागे पडत होती. आम्ही कागद घेऊन बसलो. आमची गाडी लिटरला दहा किलोमीटर देते, म्हणजे कॅलेच्या वाटेने 130 लिटर डिझेल. फ्रान्सच्या महामार्गांवर टोल आहे, आणि दोन मीटरपेक्षा उंच गाडीला साध्या मोटारीपेक्षा तो जास्त पडतो. वाटेत दोन मुक्काम, जेवणखाण. हे सगळे मिळवले तरी लांबच्या बोटीचे तिकीट, निजायच्या कॅबिनसह, वरचढच राहिले. फरक आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना जाणवेल असा होता.

मग आम्ही दुसरा हिशेब मांडला. इंग्लंडच्या गाडीत चालक उजवीकडे बसतो. फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या अंगाने चालावे लागते. त्यामुळे टोलनाक्याची खिडकी येते डावीकडे, म्हणजे शेजारी बसलेल्याच्या बाजूला. चिठ्ठी त्यानेच घ्यायची, पैसेही त्यानेच भरायचे. महामार्गाला मिळताना डावीकडून येणारी वाहने बघायची, तीही त्यानेच. पूर्वी आम्ही असेच जात होतो. एक चालवायचा आणि दुसरी म्हणायची, "थांबा, मागून ट्रक येतोय. हं, चला आता." आता जागा बदलल्या होत्या. डावा हात उचलत नव्हता आणि डावीकडचे दिसत नव्हते. म्हणजे 1,300 किलोमीटर जिने गाडी चालवायची, तिनेच दोघांचे डोळे आणि दोघांचे हात व्हायचे. शिवाय जी गाडी चालवणार, तीच पोहोचल्यावर बाळंतिणीचे करणार. बाळाची आंघोळ, लेकीचा शेक, रात्रीची उठबस, वर दुखणेकऱ्याची औषधे. तीन दिवसांच्या रस्त्याने ती गळून गेली तर तिच्या जागी उभे राहायला दुसरे कोणी नव्हते.

"अहो, मी चालवीन, एवढे काय त्यात?" असे ती म्हणाली. घरातली बाई असेच म्हणते. त्यावर उत्तर मिळाले, "तू चालवशील हे मला ठाऊक आहे. मी पोहोचल्यानंतरचे विचारतो आहे." त्या दिवशी आम्ही कागदावर आणखी एक रकाना ओढला. त्यात रुपये-पौंड लिहिता येईनात. पण रकाना समोर दिसू लागला, तसा तिकिटातला फरक पूर्वीइतका मोठा वाटेना.

नागपूरहून थोरल्या ताईंनी फोनवर विचारले, "एवढी मोठी बोट, उलटली तर?" ही भीती निराधार नव्हती. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही अशीच गाड्या नेणारी बोट उलटली होती. पुढचा दरवाजा उघडा राहून पाणी आत शिरले आणि 193 माणसे गेली. त्यानंतर नियम कडक झाले. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे कप्तानाच्या जागेवरूनच दिव्यांनी कळावे, अशी व्यवस्था सक्तीची झाली. आम्ही ताईंना हे समजावून सांगितले. रस्त्यावरही माणसे मरतात, तिथे आपण रोज जातोच, हेही सांगितले.

आम्हांला काळजी होती ती वेगळी. बिस्केचा उपसागर खवळण्याबद्दल प्रसिद्ध आहे. अटलांटिकच्या लांब लाटा थेट तिथे येऊन आपटतात, हिवाळ्यात तर फारच. अधू पायाच्या माणसाला डोलत्या बोटीत पडण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही डिसेंबरची वाट न पाहता सप्टेंबरच्या मध्यावरच निघालो. कॅबिन बोटीच्या मध्यभागी, लिफ्टजवळ आणि अपंगांसाठी सोय असलेली मागितली. अशा कॅबिन थोड्याच असतात, म्हणून नोंदणी चार महिने आधी केली. चालता येत नाही हे आधीच कळवल्यामुळे गाडीही लिफ्टच्या जवळ लावून मिळाली.

बोट रात्री सुटली. पहिल्या रात्री आमच्यातली चालवणारी सलग नऊ तास झोपली. झटका आल्यापासून ती रात्रीतून दोनदा तरी उठून श्वास चालू आहे ना ते पाहत असे. त्या रात्री उठली नाही. सकाळी उठल्यावर तिलाच नवल वाटले. दिवसभर आम्ही काचेजवळ बसून होतो. चहा आयता, जेवण आयते. दुपारी डॉल्फिनांचा एक थवा बोटीशेजारून उड्या घेत गेला. उजव्या बाजूने गेला, म्हणून दोघांनाही दिसला. दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही दोघेही नुसते प्रवासी होतो. एक सेवा करणारा आणि एक करून घेणारा, ही वाटणी एका दिवसापुरती का होईना, सुटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सांतान्देर आले. बोट थेट शहराच्या पुढ्यातच लागते. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही लेकीच्या दारात होतो. गाडी लावून हातपाय धुतले आणि लगेच डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू झाली. डिंक-खारीक इंग्लंडहून नेली होती. तूप मात्र तिथे जाऊन कढवले, कारण 2021 पासून ब्रिटनमधून युरोपीय संघाच्या देशांत दूधदुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. बाळ अकराव्या दिवशी आले. आजी त्या वेळी ताजीतवानी होती, हे मुद्दाम लिहावेसे वाटते.

कोणी या वाटेने जाणार असेल तर काही गोष्टी सांगतो. भाडे गाडीच्या लांबी-उंचीवर असते, म्हणून मागची सायकलची चौकट आणि छतावरची पेटी धरून टेपने स्वतः माप घ्यावे. गॅसची टाकी चढण्यापूर्वी बंद करावी. त्यामुळे फ्रीज थांबतो, तेव्हा नासणारे काही ठेवू नये. चोरघंटा बंद ठेवावी, नाहीतर बोटीच्या हलण्याने ती वाजत राहते. प्रवासात गाडीपाशी जाऊ देत नाहीत. औषधे, चष्मा, शाल, कागदपत्रे एका पिशवीत घेऊनच वर यावे. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी घ्यावी. इटलीहून ग्रीसला जाणाऱ्या काही बोटींवर उन्हाळ्यात उघड्या डेकवर स्वतःच्या गाडीतच राहता येते. बिस्केच्या वाटेवर मात्र तशी सोय नाही.

लांबची बोट सर्वांनीच घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. दोघे धडधाकट चालक असतील, हाताशी वेळ असेल, वाटेतली गावे पाहायची हौस असेल तर फ्रान्सचा रस्ता सुरेख आहे. आम्हीही पूर्वी तोच धरला होता. ज्याला बोट लागते, त्याला तीस तास फार होतात.

आमचे सांगणे एवढेच. मोटरहोम असो, एस.टी. असो की लग्नकार्याला ठरवलेली जीप असो, खर्चाचा कागद मांडाल तेव्हा घरातल्या राबणाऱ्या माणसाला समोर बसवा. "मला काही होत नाही" असे ते म्हणेलच. ते ऐकून घ्या, आणि तरीही त्याच्या नावाचा रकाना ओढा. मग कोणती वाट स्वस्त आणि कोणती महाग, ते ठरवा.