तारेवरची कसरत

यंत्र बिघडले की शेजारधर्म जागा होतो. आमच्या मंडणगडात माणूस आजारी पडला तर लोक चौकशी करून जातात. संगणक आजारी पडला तर चहाला थांबतात!

मे संपत आला होता. मुलगी पुण्याहून आली ती अट घालूनच. कचेरीचे काम इथून जमले तर पंधरा दिवस राहीन, नाहीतर उद्या सकाळच्या एस.टी.ने परत. आमच्या जांभ्याच्या जाड भिंती वायफायला दाद देत नाहीत, म्हणून पडवीतल्या राउटरपासून माजघरातल्या संगणकापर्यंत तार ओढलेली. पोर्ट म्हणजे बंदर. आम्हाला बंदर ठाऊक ते सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट. हे बंदर संगणकाच्या पाठीत असते आणि तारेची होडी लागली की त्यात दिवा पेटतो. आदल्या रात्री विजा कडाडल्या आणि तो दिवा पेटेना.

समोरचे वकील म्हणाले, "फुंकर मारा." किराणावाले म्हणाले, "बंद करून चालू करा." सौ. म्हणाली, "उदबत्ती लावू का?" विज्ञानाचे मास्तर मात्र गंभीर. "याचे नाव इथरनेट. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले ईथर शोधायला निघाले. मागमूस लागला नाही. १९७३ साली मेटकाफने तेच नाव या तारांना दिले. जे अमेरिकेत सापडले नाही, ते मंडणगडात कुठून सापडणार?"

मुलीने सर्वांना चहा दिला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला घेतली. राउटरचे दुसरे पोर्ट, दिवा नाही. दुसरी तार, दिवा नाही. मग पहिलीच तार शेजारच्या पोराच्या जुन्या लॅपटॉपला लावली, आणि दिवा लख्ख! म्हणजे राउटर निर्दोष, तार निर्दोष. संगणकात शिरून पाहिले. जोडणी बंद नव्हती, ड्रायव्हरही जागेवर. आरोपी एकच उरला, संगणकाचे पोर्ट. विजेच्या झटक्याने बंदर बुडाले असावे.

"मदरबोर्ड बदलायचा?" माझ्या पोटात गोळा.

"नाही हो बाबा! यूएसबीत खुपसायचा अडॅप्टर मिळतो. तेवढा पुरे."

संध्याकाळच्या एस.टी.ने तो दापोलीहून आला. दिवा लुकलुकला आणि मुलीने बॅग पुन्हा उघडली.

पंधरा दिवस ती पुण्याशी बोलत होती आणि आम्ही तिची पाठ बघत होतो. पण पाठ तरी घरात होती! आता ढग गडगडले की सौ. अंगणातल्या आमसुलांकडे धावत नाही. आधी तार काढते.