सेव्ह केलं, पण कुठं?

४ जुलै, शुक्रवार
पावसाने ओढ दिलीय, पण वीज टिकली हे नशीब. लॅबमधल्या दहा संगणकांपैकी सहा चालू. आठवीचा वर्ग मोठा, त्यामुळे एकेका कीबोर्डवर पाच-सहा जणांचे हात.

एका मशीनवर कुठलीही वेबसाइट उघडेना. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच दिसत होतं. पोरांनी निकाल देऊन टाकला : व्हायरस. म्हटलं, खाली कोपऱ्यातली तारीख वाचा. १ जानेवारी २००९! आतला बटणाएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर संगणकाला तारीख आठवत नाही. वेबसाइटच्या ओळखपत्राला मुदत असते, आणि २००९ सालात उभ्या असलेल्या या मशीनच्या हिशेबी ते ओळखपत्र अजून निघालेलंच नाही. तारीख दुरुस्त केल्यावर पान उघडलं. सीआर २०३२ नावाचा तो सेल बाजारपेठेतल्या घड्याळवाल्याकडे मिळतो. उद्या आणायचा.

१५ जुलै, मंगळवार
रीलवर गाणं चढवणारी ही पोरं. पण फाईल कुठे ठेवली विचारलं की एकमेकांकडे बघतात. त्यांचाही दोष नाही. फोनमधली गॅलरी सगळं एकाच ढिगात दाखवते, ठिकाण विचारायची वेळच येत नाही.

आज पेंटमध्ये चित्र काढून सेव्ह करायला लावलं आणि गटांच्या जागा बदलल्या : आता दुसऱ्या गटाचं चित्र शोधून काढा. गोंधळ उडाला. ‘सर, आम्ही सेव्ह केलंय, पण गेलं कुठं?’ एका गटाने फाईलला ‘ररररर’ असं नाव दिलं होतं. अर्धा तास मोडला, पण शेवटी फोल्डरच्या आत फोल्डर असं वर्गाचं आणि गटाचं घर तयार झालं. परीक्षेला मात्र ‘मॉनिटरची आकृती काढून भागांना नावे द्या’ हेच येणार. मॉनिटर समोर असताना त्याची आकृती कशाला काढायची, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार
मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट शिकवतो. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ‘के’वर क, ‘डी’ने पाय मोडायचा, शिफ्ट आणि ७ दाबलं की क्ष. हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही चालते. एका मुलीचं आजोळ बिदरकडचं. कन्नड निवडून तिने तेच ‘के’ दाबलं आणि कन्नडमधला क उमटला. मग सगळा वर्ग तिच्याभोवती.

खरी अडचण पहिल्या वेलांटीची. वहीत ती आपण अक्षराच्या आधी काढतो. पोरांनी ‘किरण’ लिहिताना वेलांटी आधी दाबली, तर तिच्या शेजारी टिंबांचं एक वर्तुळ येऊन बसलं. संगणक बिघडला म्हणून आरडाओरडा झाला. तोंडाने म्हणायला लावलं : क् आधी, इ नंतर. यंत्र त्याच क्रमाने साठवतं आणि दाखवताना वेलांटी पुढे नेऊन ठेवतं. टिंबांचं वर्तुळ म्हणजे अक्षराची रिकामी जागा.

‘सर, बोलून होतंय की!’ होतं खरं. बोलू दिलं. गावाचं नाव तीन वेळा तीन तऱ्हेचं उमटलं. ते दुरुस्त करायला शेवटी बटणंच लागली.

१२ ऑगस्ट, मंगळवार
ई-पीक पाहणी सुरू आहे, त्यामुळे गैरहजेरी वाढलीय. मोबाईल वडिलांचा, पण सातबारावर सोयाबीनची नोंद चढवणार आठवीतलं लेकरू. म्हणून पाठ बाजूला ठेवून तोच विषय घेतला.

‘फोटो घरून का काढता येत नाही?’
‘लोकेशन चालू लागतंय सर. गटात उभं राहायला लागतंय.’
‘म्हणजे फोनला काय कळतं?’
‘आपण कुठं हाव ते.’
‘आणि इन्स्टाला?’

वर्ग गप्प. मग प्रत्येक ॲपला कशाकशाची परवानगी दिलीय ते सेटिंगमध्ये कसं पाहायचं, हे माझ्या फोनवर दाखवलं. टॉर्चच्या एका ॲपने माझ्याकडेही संपर्कयादी मागितलेली, तिथेच नाकारली. खातं उघडताना जन्मसाल कोणतं टाकलं, असं सहज विचारलं. वर्गात १९९८ साली जन्मलेले बरेच निघाले.

१९ ऑगस्ट, मंगळवार
स्क्रॅच. मांजराकडून चौकोन सगळ्यांनी काढून घेतला : चारदा पुढे, चारदा ९० अंश वळ. त्रिकोणाला सगळ्या गटांनी ६० टाकले, कारण गणितात समभुज त्रिकोणाचा कोन ६०. पण रेघा भलतीकडेच जाऊ लागल्या. उत्तर न सांगता सगळ्यांना मैदानात नेलं आणि खडूने त्रिकोण आखून एकाला त्यावरून चालवलं. कोपऱ्यावर आल्यावर तो जवळजवळ पाठमोरा झाला. ‘सर, लई वळावं लागतंय!’ १२० अंश, बाहेरचा कोन. सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिच्यातल्या कासवासारखं स्वतः चालून बघा, असं ते मुलांना सांगत. एमआयटीत घडलेलं, २००७ मध्ये सर्वांना खुलं झालेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं. तास संपल्यावर दोघी थांबल्या, चांदणीसाठी. १४४ त्यांनी स्वतः काढले.

२ सप्टेंबर, मंगळवार
गणपती बसलेत, त्यामुळे आज वर्गणीच्या क्यूआर कोडचा धडा. स्कॅन केल्यावर नाव येतं. ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण कोडावर दुसरा कोड चिकटवायला वेळ लागत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन. हे सगळ्यांनी घरी जाऊन सांगायचं, असं ठरलं.

मधल्या सुट्टीत एक जण पळत येऊन सांगू लागला, ‘सर, आमच्या मंडळाचा कोड बघून आलो. अध्यक्षाच्या मेहुण्याचं नाव येतंय. सगळ्यांना सांगू का?’

म्हटलं, आधी खजिनदाराला विचार.